नियत वयोमानाविषयी भाचीस पत्र

चि. मृणाल हीस,



तुझे पत्र पोहोचले. तुझ्या आईने पुण्यास राहून मोडी लिपी शिकण्याचा जो निश्चय केला आहे, त्यापासून मी वडील भाऊ या नात्याने तिला परावृत्त करावे आणि बंगळूरास तुमच्या बिऱ्हाडी येऊन नातवात रमण्यास राजी करावे, अशी कामगिरी तू मजवर सोपविली आहेस. ती मी पत्करू शकत नाही. नकाराचे कारण तुला सविस्तर कळविणे मला अगत्याचे वाटते. कारण तुझ्या पत्रातली आईविषयीची माया जितकी खरी आहे, तितकीच तिच्या वयाविषयीची तुझी कल्पना मला निराधार दिसते.

तू लिहितेस की आईची अठ्ठावन्न वर्षे पुरी झाली, आता तिने विसावा घ्यावा. परंतु हा अठ्ठावन्नाचा आकडा आला कोठून? इंग्रजी अमलापासून सरकारी चाकरीची मुदत पंचावन्नाव्या वर्षी संपे. केंद्र सरकारने ती 1962 साली 58 वर आणि 1998 साली 60 वर नेली. आपल्या राज्याच्या बहुसंख्य कर्मचाऱ्यांस मात्र 58 हेच नियत वयोमान राहिले. म्हणजे तुझी आई तहसील कचेरीत अव्वल कारकून न होता टपालखात्यात असती, तर याच देहाने आणि याच बुद्धीने आणखी दोन वर्षे कामास लायक ठरली असती. इतकेच नव्हे, 2007 च्या कायद्याप्रमाणे ज्येष्ठ नागरिक म्हणविण्यास 60 पुरी व्हावी लागतात, एस. टी. चे ज्येष्ठांसाठीचे अर्धे तिकीट 65 ला मिळते आणि पूर्ण माफी 75 ला. जर्मनीत बिस्मार्कच्या कारकिर्दीत 1889 साली वृद्धांच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला, तेव्हा त्याने 70 ची अट घातली होती. खजिन्याला आणि आस्थापनेला एक तारीख लागते, ती कोठेतरी घालावीच लागते, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार आहे ती हिशेबाच्या सोयीसाठी घातलेली तारीख आपण माणसाच्या अंतःकरणावर शिक्क्यासारखी उमटवितो याबद्दल.

आपल्या पूर्वजांनी आश्रमांची व्यवस्था लावली तेव्हा तिच्यातही इतकी काटेकोर तारीख नव्हती. मनूने वानप्रस्थाची वेळ सांगताना वर्षे मोजली नाहीत. अंगावर सुरकुत्या, डोक्यावर पिकलेले केस आणि मुलाच्या पोटी मूल दिसले की वेळ झाली, असे त्याने सुचविले, आणि आयुष्याचे भाग पाडले तेही चतुर्थांशांनी. मूळ आयुष्यच लांबले तर प्रत्येक चतुर्थांश लांबावयास हवा, हे उघड आहे. आपण मात्र मिळालेली सारी वर्षे अखेरच्या आश्रमाच्या पदरात टाकतो आणि मग तो आश्रम फार लांबला म्हणून हळहळतो.

वर्षे किती मिळाली तेही पाहा. स्वातंत्र्याच्या सुमारास या देशात जन्मणाऱ्या बालकाचे सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होते, आज ते सत्तरच्या घरात आहे. याचा अर्थ त्या काळी माणसे बत्तिशीत म्हातारी होत असा मात्र करू नकोस. असंख्य बालके पाळण्यातच दगावत, म्हणून सरासरी खाली येई, आणि बालपणातून तरलेले पुष्कळजण साठी गाठीत. आज साठी गाठलेल्या माणसापुढे सरासरीने आणखी सतरा-अठरा वर्षे असतात, स्त्रियांपुढे किंचित अधिक. तू जन्मलीस तेव्हापासून महाविद्यालयात गेलीस तोपर्यंतचा हा काळ आहे. एवढा काळ केवळ विसाव्यासाठी कोणास द्यावा आणि त्याने तो आनंदाने घ्यावा, ही अपेक्षाच मला विलक्षण वाटते.

वयाच्या पायऱ्या पूर्वीही बदलल्या आहेत. 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याने मुलीचे वय दहावरून बारावर नेले, तेव्हा पुण्यात केवढे रण माजले होते! 1929 च्या शारदा कायद्याने मुलींच्या विवाहासाठी 14 वर्षांची मर्यादा घातली, आणि 1978 मध्ये ती 18 झाली. तुझ्या पणजीला बालपण आणि संसार यांच्यामध्ये कोणतीही अवस्था ठाऊक नव्हती. तुला ती मिळाली, कारण कोणीतरी भांडून ती निर्माण केली. आरंभाची पायरी अशी हलली असता अखेरची तेवढी अचल मानण्याचे काय प्रयोजन?

अण्णासाहेब कर्व्यांचे चरित्र या दृष्टीने पुन्हा वाच. त्यांचा जन्म 1858 चा. 1914 साली त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयातील अध्यापन सोडले आणि 1916 साली, म्हणजे बरोबर अठ्ठावन्नाव्या वर्षी, महिला विद्यापीठ स्थापन केले. पुढे सत्तरी ओलांडल्यावर त्या विद्यापीठाच्या निधीसाठी ते परदेशी हिंडले. 1936 मध्ये खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी मंडळ काढले. 1944 मध्ये, शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेदाच्या निर्मूलनासाठी समता संघ काढला. शंभरी भरली तेव्हा भारतरत्न झाले आणि 1962 मध्ये गेले. अण्णासाहेब असामान्य होते, त्यांचे उदाहरण चाबकासारखे कोणाच्या पाठीवर उगारू नये. परंतु त्यांना अठ्ठावन्नाव्या वर्षी कोणी मायेने विसाव्याला बसविले असते तर काय गमावले असते, एवढे तरी ध्यानात घे.

तुझ्या पत्रातील दुसरी गोष्ट मला अधिक खुपली. तू स्वतःस ‘मिलेनियल’ म्हणतेस आणि आईस ‘बूमर’, आणि जणू त्या दोन शब्दांतच तुमच्या मतभेदांचा निकाल लागतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत जन्मसंख्या एकाएकी वाढली, 1946 ते 1964 या काळातील त्या संततीचे ते नाव. तुझी आई 1966 ची, बार्शी तालुक्यातील; ती त्या गणनेतही बसत नाही. तिला घडविले ते बहात्तरच्या दुष्काळाने. आमची आई खडी फोडण्याच्या कामावर जाई, तिच्यासोबत ही सहा वर्षांची पोर जाई, आणि परदेशाहून आलेल्या तांबड्या मिलोची भाकरी आणि सुकडी खाऊन आम्ही ते वर्ष काढले. तुझ्या आईच्याच वर्षी जन्मलेली आणि मुंबईत वाढलेली आमची आतेबहीण त्या दुष्काळाविषयी केवळ ऐकून आहे. जन्मसाल एक असूनही त्या दोघींच्या पिढ्या वेगळ्या आहेत. उलट, काटकसरीच्या बाबतीत तुझे आणि तुझ्या आईचे किती जुळते हे मी पाहिले आहे.

मात्र वय सर्वांवर सारखे चढत नाही. ऊस तोडणाऱ्या बाईचे गुडघे चाळिशीतच निकामी होतात, तिला नियत वयोमान नाही, निवृत्तिवेतन नाही. तिला विसावा हवा तो पन्नाशीतच हवा आणि तो तिला मिळत नाही. वाढलेल्या आयुष्याचे गोडवे गाताना हे विसरणारा मनुष्य मला आवडत नाही. तुझ्या आईला मात्र पेन्शन आहे, डोळे शाबूत आहेत, आणि तीस वर्षे कचेरीच्या अभिलेखकक्षात मोडीतले जुने कागद हाताळून ते वाचता येत नाहीत याची खंत आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात असे कागद पर्वतप्राय पडले आहेत आणि ते वाचणारे थोडे.

आता मुख्य गोष्ट. तुझे मूल लहान आहे, तुम्ही दोघे नोकरीस, विश्वासाचे माणूस मिळत नाही. तुला आईची मदत हवी आहे. ही गरज रास्त आहे आणि तिची लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु ती ‘तुला आता विश्रांती हवी’ या वेषात आईपुढे ठेवू नकोस. मूल सांभाळणे ही विश्रांती नव्हे, ते परिश्रम आहेत, आणि परिश्रम मागावयाचे तर सरळ मागावेत, किती महिने, कोणत्या वेळी, बदल्यात तुम्ही काय व्यवस्था कराल हे सांगून. त्यावर तिला हो म्हणता येईल, नाही म्हणता येईल, किंवा मोडीच्या परीक्षेनंतर येते असेही म्हणता येईल. पुराभिलेख खात्याच्या मोडीच्या वर्गाचे वेळापत्रक मी तिच्याकडून मागविले आहे, ते आले की तुला पाठवितो. ते पाहून तुम्ही दोघी फोनवर बोला, आणि त्या बोलण्यात मला मध्ये घालू नका. जावईबापूंना सांग की त्यांनीही दोन महिन्यांच्या रजेचा अर्ज करून पाहावा.

चिरंजीवास पापा.

तुझा,
मामा