आजचा धडा : रोलचा कॅमेरा

मुलांनो, या सुट्टीत आपल्यापैकी काहीजण आइसलंडला रोलचा कॅमेरा नेणार आहेत. एका रोलमध्ये ३६ फोटो. पहिल्याच धबधब्यापाशी संपवू नका! जूनमध्ये तिथे मध्यरात्रीही उजेड असतो, त्यामुळे फ्लॅशची घाई नको.

जपायचे ते विमानतळावर. सामानात टाकलेल्या बॅगेवर क्ष-किरणांचा मारा जोरदार असतो. नव्या सीटी यंत्रात तर हातातल्या बॅगेतला रोलही खराब होतो आणि गेलेला फोटो परत मिळत नाही. म्हणून रोल पारदर्शक पिशवीत ठेवून 'हाताने तपासा' अशी विनंती करू. विचारायला काय जाते?

परतल्यावर रोल 'धुवायला' टाकू. आपल्या घरांत 'फोटो घेतला' ऐकू येते. आम्हाला 'काढला' बरे वाटते.

अभ्यास : फोटो काढणे, खोडी काढणे, वेळ काढणे – वाक्यांत उपयोग करा.