काचेवरची दुसरी चिठ्ठी

स्पोर्ट्स कार बाजारात आल्या आल्या घेऊ नये. माझं हे मत 2004 साली डेट्रॉइटजवळच्या एका शोरूममध्ये पक्कं झालं. पाँटियाकची जीटीओ तेव्हा ऑस्ट्रेलियाहून नुकतीच यायला लागली होती. किंमत सुमारे 33 हजार डॉलर. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर कंपनीच्या किमतीचा कागद कायद्यानेच लावावा लागतो. इथे त्याच्या शेजारी डीलरने आपली चिठ्ठी डकवली होती: 'मार्केट अ‍ॅडजस्टमेंट', आणखी काही हजार. "आज नाही घेतलीत तर उद्या मिळायची नाही," विक्रेता म्हणाला. बायको उठली, पाठोपाठ मीही.

वर्ष सरता सरता तीच गाडी सवलतीत निघाली. मिशिगनच्या बर्फात मागच्या चाकांवर पळणारी दोन दारांची गाडी कोण घेणार? आणि उभ्या गाडीचं व्याज डीलरच्या बोकांडी. त्यात 2005 च्या मॉडेलला 350 ऐवजी 400 हॉर्सपॉवरचं इंजिन आलं. ज्यांनी आधी जास्तीचे पैसे मोजले, त्यांना गाडी विकताना काय भाव आला असेल, विचारूच नका.

साध्या सेडानवर सूट दिली की गिऱ्हाईक वाढतं. स्पोर्ट्स कार हौसेची. हौशी मंडळी पहिल्या काही महिन्यांतच येऊन जातात. उरलेल्यांना सूट दिसली की शंका येते, नाहीतर आणखी थांबावंसं वाटतं. (2020 ची कॉर्व्हेट अपवाद. तिच्यावरच्या चिठ्ठ्या बराच काळ टिकल्या.)

सवलत घेतानाही हिशेब मांडावा. बहुधा रोख सूट किंवा कमी व्याज, दोन्हींतलं एकच पदरात पडतं. समजा गाडी 30 हजारांची, मुदत पाच वर्षं. शून्य टक्क्याने हप्ता 500 डॉलर. तीन हजारांची सूट घेऊन उरलेले 27 हजार बँकेकडून पाच टक्क्यांनी उचलले, तर हप्ता 509 च्या वर. चार टक्क्यांनी मिळाले, तर 497. तेव्हा बँकेचा दर आधी लेखी घ्यावा, मगच फायनान्सवाल्याच्या खोलीत शिरावं. तो पहिल्यांदा विचारतो, "महिन्याला किती झेपेल?" उत्तर देऊ नये. एकूण किती, एवढंच विचारत राहावं. बोलणं हप्त्यावर घसरलं की पाचाची सहा वर्षं कधी झाली ते कळत नाही.

शिवाय कंपनी डीलरला परस्पर काही रक्कम देते, ती जाहिरातीत नसते. महिनाअखेरीला विक्रीचा आकडा गाठायचा असला, की तिच्यातली थोडी सुटते. पण मागितल्याशिवाय नाही.