धडा : फिके पाडणे

मंडळी, स्टेशन, तिकीट, मास्तर असे इंग्रजी शब्द आपण रोज बोलतो. आज असाच एक नवा शब्द शिकू. शब्द आहे 'आउटशाइन'.

शाइन म्हणजे चमकणे. आउटशाइन म्हणजे इतके चमकणे की शेजारचा दिसेनासा व्हावा. आपण म्हणतो, फिके पाडणे.

वाक्यात चमकणारा आधी येतो, फिका पडणारा मागून. 'द सन आउटशाइन्स द स्टार्स', म्हणजे सूर्य चांदण्यांना फिके पाडतो. होऊन गेलेली गोष्ट सांगताना 'आउटशॉन' म्हणावे.

आता आगरला पहाटे अंगणात उभे राहा. आभाळ चांदण्यांनी भरलेले असते. मग पूर्वेकडून दिवस वर येतो. चांदण्या दिसेनाशा होतात. त्या विझल्या का? नाही. त्या आहेत तिथेच आहेत. आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, एवढेच.

माणसांतही असेच होते. आपल्या डहाणू तालुक्यातले गंजाडचे जिव्या सोमा म्हसे मोठे वारली चित्रकार. त्यांची चित्रे परदेशातही गेली. २०११ साली सरकारने त्यांना पद्मश्री दिली. २०१८ साली ते वारले. त्यांच्यामुळे आपल्या भागाचे नाव झाले.

पण हे चित्र मुळात कोणाच्या हातचे? लग्नघरी सवाशिणी भिंतीवर चौक काढीत. तांदळाचे पीठ पाण्यात कालवायचे आणि काडीने पालघट देवी काढायची. १९७० नंतर चित्रे कागदावर आली, विकू लागली. पुरुषही ती काढू लागले. कागदावर काढणाऱ्याचे नाव झाले. भिंतीवर काढणारीचे नाव कोणी विचारले नाही.

यात जिव्याबाबांचा दोष नाही. सूर्याने उगवूच नये काय? चूक बघणाऱ्याची असते. जे दिसत नाही ते नाहीच, असे तो धरून चालतो.

मंडळी, तुम्ही आता लिहायला शिकलात. तेव्हा हे काम करा.

१. 'फिके पाडणे' हा शब्द घालून एक वाक्य लिहा.
२. 'दिसेनासा होणे' आणि 'विझणे' यांत फरक काय?
३. तुमच्या घरच्या किंवा शेजारच्या लग्नात चौक कोणी काढला होता? आईला, आजीला विचारा. त्या बाईचे नाव पाटीवर नको, वहीत लिहा. पाटी पुसली जाते.