चित्रफितीचे संपादन : सॉफ्टवेअर कसे पारखावे?

पडणाऱ्या चेंडूची मोबाइलवर चित्रफीत घ्यायची, तिच्यातील एकेक चौकट, म्हणजे फ्रेम, मोजायची आणि त्यावरून गुरुत्वत्वरण काढायचे, हा प्रयोग तुमच्यापैकी काहींनी केला असेल. विज्ञान प्रदर्शनासाठी हाच प्रयोग करणारे नववीतील दोघे विद्यार्थी एकदा माझ्याकडे आले. चेंडू १२२.५ सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला, मोबाइल सेकंदाला ३० चौकटी टिपणारा आणि उत्तर ९.८ ऐवजी १४.१! त्यांनी उंची पुन्हा मोजली, चेंडू बदलला, तरी उत्तर हटेना.

चूक संपादनात होती. नको असलेला भाग कापून, वर शीर्षक घालून त्यांनी फीत नव्याने साठवली होती आणि मोजणी या नव्या फितीवर केली होती. सॉफ्टवेअरने काहीही न विचारता ती सेकंदाला २५ चौकटींची केली होती. एवढ्या उंचीवरून पडायला चेंडूला अर्धा सेकंद लागतो. त्या काळात मूळ फितीत १५ चौकटी सरकतात, नव्या फितीत साडेबाराच. विद्यार्थी मात्र दर चौकटीला सेकंदाचा तिसावा भाग धरून बसले होते. काळ कमी आला आणि काळाचा वर्ग छेदात असल्यामुळे त्वरण १.४४ पट फुगले. ९.८ ला १.४४ ने गुणून पाहा.

"उत्तम दर्जासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?" असे विद्यार्थी विचारतात तेव्हा त्यांना एक नाव हवे असते. नावे सांगतोच, पण सॉफ्टवेअर आपल्या फितीचे काय करते, हे आधी पाहू.

थोडा हिशेब करा. चौकटीत १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६०० बिंदू. दर बिंदूला लाल, हिरवा, निळा अशा तीन रंगांचे तीन बाइट. एका चौकटीचे झाले ६२,२०,८०० बाइट आणि ३० चौकटींच्या वेगाने एका मिनिटाचे सुमारे १,१२० कोटी! तुमच्या मोबाइलमधील मिनिटभराची फीत मात्र १२ कोटी बाइटांच्या आसपास, कधी त्याहूनही कमी भरते. म्हणजे नव्वद भागांतील एखादाच भाग शिल्लक राहिला. बाकीचे गेले कुठे?

ते दोन युक्त्यांनी वगळले जाते. पहिली युक्ती चौकटीच्या आतली. चित्राचे लहान लहान चौरस पाडून प्रत्येकाचे कोसाइन तरंगांत पृथक्करण करतात आणि डोळ्याला फारसे न जाणवणारे बारीक तरंग ढोबळ करून टाकतात. या गणिताचा मूळ शोधनिबंध नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी १९७४ साली प्रसिद्ध केला. यांतील अहमद हे मूळचे बंगळूरचे. दुसरी युक्ती चौकटी-चौकटींमधली. भिंतीसमोर चेंडू पडत असेल, तर तीच भिंत दर वेळी नव्याने कशाला लिहायची? अधूनमधून एक चौकट पूर्ण लिहितात, मधल्या चौकटींत फक्त बदल नोंदवतात.

वगळलेले परत मिळत नाही. संपादित फीत साठवताना सॉफ्टवेअर ती उलगडते, पुन्हा आवळते आणि आणखी काही टाकून देते. झेरॉक्सची झेरॉक्स काढावी तसे हे आहे. १०८० ओळींची फीत २१६० ओळींची करून साठवली म्हणून ती रेखीव होत नाही, फाइल तेवढी मोठी होते.

म्हणून सॉफ्टवेअर घेताना चमचमत्या परिणामांची यादी पाहू नका. चौकटींचा वेग, चित्राचा आकार आणि बिटदर, म्हणजे सेकंदाला किती बिट खर्चायचे, हे तिन्ही साठवताना आपल्याला ठरवता येतात का, ते पाहा. मोबाइलवरील कित्येक सोपी अ‍ॅप्स हे झाकून ठेवतात. माझ्या मते घोटाळ्याचे मूळ तेच. वेग मूळ फितीचाच ठेवा. बिटदर मूळ फितीपेक्षा कमी नको. थोडा जास्त असावा.

शाळेतील साध्या संगणकासाठी मी शॉटकट सुचवीन. ते मोफत व मुक्तस्रोत आहे आणि पहिली फीत घालताच तिचाच वेग नि आकार स्वीकारण्याची सोय त्यात आहे. केडेनलाइव्हही तसेच मुक्त. संगणक अडखळू लागला, तर दोन्हींत कामापुरती हलकी प्रत वापरता येते. अंतिम फीत मूळ फाइलवरूनच बनते. दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती रंगांच्या कामात सरस, पण तिला दमदार संगणक लागतो. प्रीमिअर प्रो वर्गणीवर मिळते, फायनल कट प्रो अ‍ॅपलच्याच यंत्रांवर चालते. शाळेच्या कामासाठी त्यांच्यामागे लागण्याचे कारण मला दिसत नाही. नुसते कापायचेच असेल, तर लॉसलेसकट फीत पुन्हा न आवळता तुकडा काढून देते. मात्र तुकडा पूर्ण लिहिलेल्या चौकटीपासूनच सुरू होतो. का, ते वर आलेच आहे.

हाती असलेले सॉफ्टवेअर स्वतः तपासा. भरपूर उजेडात, कारण अंधारात मोबाइल स्वतःच चौकटींचा वेग कमी करू शकतो, वाऱ्याने हलणाऱ्या झाडासमोर शतांश सेकंद दाखवणारे स्टॉपवॉच धरा आणि दहा सेकंदांची फीत घ्या. ती संपादकातून साठवा. साठवलेली पुन्हा आत घालून परत साठवा, असे पाच वेळा करा. पहिल्या आणि पाचव्या फितीतील पाने शेजारी ठेवून पाहा. मग एकेक चौकट पुढे सरकवत घड्याळ वाचा. आकडे थोडे पुसट येतील, पण ३० चौकटींच्या फितीत ते दर वेळी तीन-चार शतांशांनी पुढे जायला हवेत. मध्येच सहा-सातांची उडी दिसली, तर तिथे एक चौकट गिळली गेली आहे.