कंचनीच्या महालापासून गच्च्यांकडे

ईशा: मामा, इथून अख्खं मेहकर दिसतंय, पण फोटोत नुसता ठिपक्यांचा पसारा येतो.

मामा: अकरा वाजलेत बाई. ऊन डोक्यावर आलं की कठड्यांना सावली उरत नाही, सगळ्या गच्च्या सारख्याच पांढऱ्याफटक. सकाळी सातला ये, दक्षिणेकडे तोंड कर. ऊन डाव्या हातानं येतं आणि टाक्यांच्या लांब सावल्या शेजारच्या गच्चीवर पडतात. मग घरं एकमेकांपासून सुटी दिसतात.

ईशा: आणि झूम?

मामा: हवाच. गच्च्या एकमेकींना चिकटल्यासारख्या दिसतात ना, ते आपण लांब उभे आहोत म्हणून. लेन्स फक्त त्यातला तुकडा कापून देते. पण दुपारी तापलेल्या टिनांवरची हवा थरथरते, तेव्हा भारीतली लेन्सही धुरकट चित्र देते.

ईशा: माणसं कधी दिसतील?

मामा: मे महिना आहे, सकाळीच. शिजवलेला चीक गरम आहे तोवरच साच्यातून नीट उतरतो, म्हणून कुरड्या घालणाऱ्या बाया मध्ये थांबत नाहीत. जुन्या साडीवर ओळीनं घातलेल्या ओल्या कुरड्या तिरप्या उन्हात चमकतात. दुपारी त्याच मळकट, वाकलेल्या. ओल्या आहेत तोवर टिप.

ईशा: संध्याकाळी?

मामा: स्टँड लाव, शटर दोन-तीन सेकंद उघडं ठेव. पाणी शिंपडत फिरणारी पोरं पुसली जातील, बाजेवर निजलेले आजोबा राहतील. 1838 मध्ये दागेरनं पॅरिसचा रस्ता वरून टिपला, तेव्हा हेच झालं. चालती माणसं गायब. बूट पुसून घ्यायला थांबलेला एक गृहस्थ तेवढा उरला. त्याआधीचं निएप्सचं चित्र, 1826-27 च्या सुमाराचं, शिल्लक असलेलं सर्वांत जुनं कॅमेऱ्याचं छायाचित्र, तेही खिडकीतून दिसणाऱ्या छपरांचंच. कित्येक तास लागले त्याला.

ईशा: छपरंच का?

मामा: ती पळून जात नाहीत!

ईशा: हा महाल बांधणारी कंचनीसुद्धा इथूनच गाव बघायची ना?

मामा: तिला गाव कुठं बघायचं होतं? वीसेक किलोमीटरवरच्या लोणारला कमळजा देवीचा दिवा दिसावा म्हणून ती मजले चढवत गेली, अशी दंतकथा. आपल्या मेहकरच्या ना. घ. देशपांड्यांनी त्यावर कविता केली. मला विचारशील तर दिव्यापेक्षा खालचं बघ. जुन्या वस्तीत एखादं मातकट छत सापडतं का शोध. ते धाब्याचं घर. लाकडी सऱ्यांवर पांढऱ्या मातीचा थर, पावसाळ्याआधी दरवर्षी नवी माती घालून चोपायचा. पोरं कंटाळतात, स्लॅब टाकतात. तो फोटो आधी काढ, कुरड्या पुढच्या वर्षीही असतील.

ईशा: बायकांचा जवळून काढू?

मामा: चेहरा ओळखू येईल इतकं जवळ आणलंस, तर ते चोरून डोकावणं झालं. कुणी केस वाळवत असतं, कुणी निजलेलं असतं. खाली जा, जिना चढ, विचार.

ईशा: आणि नाही म्हणाल्या तर?

मामा: तर नुसत्या कुरड्यांचा काढ. पण न विचारता काढलास, तर संध्याकाळच्या आत तुझ्या मामीकडे तक्रार येईल, आणि बोलणी मला बसतील.