शाळेचे पुस्तक मुलाच्या घरी

प्राथमिक शाळेतील ग्रंथालय म्हटले, की बहुधा मुख्याध्यापकांच्या खोलीतील एक पोलादी कपाट डोळ्यांपुढे उभे राहते. कपाटात पुस्तके असतात, नोंदवहीत त्यांची रीतसर नोंद असते आणि कपाटास कुलूप असते. वार्षिक तपासणीत पुस्तके मोजली, तर एकही कमी भरत नाही. व्यवस्था चोख खरी. परंतु ती ज्याच्यासाठी, तो विद्यार्थी मात्र पुस्तकाला पारखाच राहतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणासंबंधीच्या २००९ च्या कायद्यानुसार प्रत्येक शाळेत ग्रंथालय असणे आवश्यक असून त्यात वर्तमानपत्रे, मासिके, सर्व विषयांवरील पुस्तके व गोष्टींची पुस्तके असावयास हवीत. ही पुस्तके कपाटात असणे ही केवळ पहिली पायरी होय. मुलाने ती हाती घेतली, म्हणजेच ग्रंथालय सुरू झाले असे म्हणता येईल.

कुलूप का लागते?

या स्थितीचा दोष शिक्षकाच्या अनास्थेवर टाकणे योग्य होणार नाही. पुस्तक हरवले, फाटले, तर त्याचा जाब आपणास द्यावा लागेल, ही धास्ती त्याच्या मनात असते. ही धास्ती जुनी आहे. मध्ययुगीन युरोपात ग्रंथ साखळीने फळ्यांना जखडून ठेवीत; इंग्लंडमधील हेरफर्ड येथील प्रार्थनामंदिरात असे साखळबंद ग्रंथालय आजही पाहावयास मिळते. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे प्रणेते डॉ. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. ग्रंथांचा उपयोग झाला पाहिजे, हा त्यांतील पहिला नियम होय. शाळेतील कुलूप ही त्या साखळीचीच धाकटी बहीण आहे.

या धास्तीस हिशेबानेच उत्तर देता येईल. समजा, वर्गात ४० मुले व ४० पुस्तके आहेत. सुट्ट्या व परीक्षा वगळून वर्षात ३० आठवडे प्रत्येक मुलाने एकेक पुस्तक घरी नेले, तर एकूण १२०० वेळा पुस्तके घरी जातील. वर्षअखेर त्यांतील चार पुस्तके हरवली किंवा निकामी झाली, तरी तीनशे वाचनांमागे एका पुस्तकाचा खर्च पडला. उलट, कपाटातील चाळीसही पुस्तके शाबूत राहिली आणि वाचने शून्य झाली, तर त्या पुस्तकांवरील सर्वच खर्च वाया गेला, हे उघड आहे.

उपनगरांतील परिस्थिती

अंधेरी व घाटकोपर ही उपनगरे १९५० साली, तर बोरिवली व मुलुंड ही १९५७ साली मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आली. आज येथील अनेक शालेय इमारतींत मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती अशा निरनिराळ्या माध्यमांच्या शाळा एकाच छपराखाली भरतात. काही ठिकाणी सकाळ व दुपार अशी दोन सत्रे चालतात. मधली वेळ इतकी अपुरी असते, की शाळेतच बसून वाचावे असे म्हणणे व्यर्थ ठरते. चाळीतील किंवा झोपडवस्तीतील अनेक घरांत क्रमिक पुस्तकांखेरीज दुसरे पुस्तक नसते. अशा घरी गोष्टीचे एक पुस्तक गेले, तर ते एकटे मूल वाचत नाही. धाकटे भावंड चित्रे पाहते आणि शाळेचे तोंड न पाहिलेली आजीही नातवंडाच्या तोंडून गोष्ट ऐकते. म्हणूनच पुस्तक घरी जाण्यास विशेष महत्त्व आहे.

देवघेवीची पद्धत

स्वतंत्र खोली नसल्यास वर्गपेटी ठेवावी. बडोदे संस्थानात सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन तज्ज्ञास बोलावून ग्रंथालयांचे खाते उभारले आणि पुस्तकांनी भरलेल्या पेट्या गावोगाव फिरविण्याची सोय केली. तीच युक्ती शाळेतही चालते. पत्र्याच्या एका पेटीत ४० पुस्तके भरावीत व दर दोन महिन्यांनी शेजारच्या वर्गाशी पेटी बदलावी. इमारतीतील दुसऱ्या माध्यमाच्या शाळेशीही अशी अदलाबदल करता येईल. घरी हिंदी बोलणाऱ्या मुलाला त्याच्या मातृभाषेतील पुस्तक त्यामुळे मिळेल.

आठवड्यातील एक वार देवघेवीसाठी ठरवावा व तो चुकवू नये. देवघेव वहीत प्रत्येक मुलास एक पान द्यावे. त्यावर पुस्तकाचा दाखल क्रमांक, नाव, नेल्याची व परत केल्याची तारीख एवढेच लिहावे. इयत्ता तिसरीपासून हे काम आळीपाळीने दोन मुलांकडे सोपवावे. पुस्तक मुलानेच निवडावे. चौथीच्या मुलाने पहिलीचे चित्रमय पुस्तक उचलले, तरी त्यास अडवू नये. पुस्तक परत आल्यावर प्रश्नोत्तरे घेऊ नयेत. आवडले असल्यास मुलाने दोन वाक्यांत वर्गास सांगावे, इतके पुरे.

पुस्तकास जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाचे वेष्टन घालणे मुलांना सहज जमते. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीतूनच घरी जावे. पावसाळा संपताच सर्व पुस्तके कोरड्या हवेत पसरावीत, म्हणजे बुरशी व कसर यांपासून त्यांचे रक्षण होते.

फाटलेले व हरवलेले पुस्तक

या बाबतीत फार जपून वागावे लागते. पुस्तक हरवल्याबद्दल मुलाकडून पैसे मागितले, की रोजंदारीवर जाणारी आई त्यास बजावते, "पुन्हा शाळेचं पुस्तक घरी आणू नकोस." दंडाने एका पुस्तकाची किंमत वसूल होते आणि एक वाचक कायमचा गमावला जातो. फाटलेले पुस्तक मुलाने शिक्षकासमक्ष खळ लावून दुरुस्त करावे. पुस्तक जपावे कसे, हे त्यास त्यातूनच कळेल. जीर्ण व हरवलेल्या पुस्तकांची यादी मुख्याध्यापकांनी दरवर्षी करावी व देवघेव वही सोबत जोडून निर्लेखनाचा रीतसर प्रस्ताव पाठवावा. पुस्तक किती मुलांनी वाचून झिजले, याचा पुरावा त्या वहीत असतो. तपासणी अधिकाऱ्यांनीही कपाटातील पुस्तके मोजण्यापूर्वी ही वही पाहावी, म्हणजे शिक्षकाची धास्ती आपोआप कमी होईल.

शिक्षकसभेत चर्चेसाठी प्रश्न

१. गेल्या महिन्यात आपल्या शाळेतील किती पुस्तके मुलांच्या घरी गेली?
२. एकदाही पुस्तक न नेलेली मुले कोणती व त्याचे कारण काय?
३. कपाटाची किल्ली कोणाजवळ असते व ते गैरहजर असल्यास देवघेव चालते काय?