नंबर तोच, कंपनी नवी



आमच्या मळ्यात बाबांच्या मोबाईलला रेंजच येत नसे. मागच्या पावसाळ्यात आजी तालुक्याच्या दवाखान्यात होती. आत्याने रात्री कितीदा तरी फोन लावला, पण लागलाच नाही. आई म्हणाली, "कंपनी बदला." बाबा म्हणाले, "अगं, बँकेत, डेअरीत, शाळेत हाच नंबर दिलाय. अन् आईला हा एकच पाठ आहे!"

मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, "नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते." ही सोय २०१० साली हरियाणात सुरू झाली व २० जानेवारी २०११ पासून साऱ्या देशात आली.

रीत सोपी आहे. आधी शेजाऱ्यांच्या फोनवर नव्या कंपनीची रेंज पाहावी. मग आपल्या मोबाईलवर इंग्रजीत 'पोर्ट' लिहून, जागा सोडून आपला नंबर लिहावा आणि १९०० ला संदेश पाठवावा. ८ अक्षरी कोड येतो. आपल्याकडे तो ४ दिवस चालतो. तेवढ्यात कोड व आधार कार्ड घेऊन नव्या कंपनीच्या दुकानात जावे. नवे सिम मिळते. ते सुरू होईपर्यंत जुने काढू नये.

लक्षात ठेवा :
१. जुन्या कंपनीत ९० दिवस झालेले हवेत.
२. उरलेला बॅलन्स नव्या कंपनीत येत नाही.
३. फोनवर कोणी कोड विचारला तर सांगू नका. नाहीतर आपला नंबर दुसऱ्याच्या हाती जाईल.

आता आजी आत्याच्या घरून तोच पाठ नंबर लावते आणि पहिल्याच रिंगला बाबा म्हणतात, "बोल गं आई!"